तक्त्यावरची शेवटची ओळ

उपळावीकर चष्मेवाल्यांची नवी शाखा उघडली की सांगलीच्या मूळ दुकानातली तपासणीची खोली वीस फुटांनी लांब व्हायची, आणि तिच्या टोकाला अक्षरांचा तक्ता धरून उभ्या असलेल्या कुमुदवहिनी तेवढ्याच मागे जायच्या. एकोणपन्नास दुकानं झाली तेव्हा त्या नऊशे ऐंशी फुटांवर होत्या.

तक्ता त्यांच्या हातात आला तो घरमालकामुळे. भिंतीला खिळा मारायचा नाही, अशी त्याची अटच होती. "आजचा दिवस धर गं," अप्पा उपळावीकर बायकोला म्हणाले होते, "उद्या करू काहीतरी सोय." उद्याची सोय आपल्याकडे कधी होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली, तिसऱ्या दिवशी जास्त आली, आणि वर्षभरात मिरजेला दुसरं दुकान निघालं.

तेव्हा वाढलेल्या वीस फुटांकडे अप्पांनी फारसं लक्ष दिलं नाही. मग इचलकरंजी, कराड, सातारा. हाव नव्हती हो, हौस होती. त्याच दिवसांत तक्त्यावर कुमुदवहिनींच्या हस्ताक्षरात भलतंच काही उमटायला लागलं, आणि खुर्चीत बसलेली माणसं ते इमानेइतबारे मोठ्याने वाचायची.

"आपल्या वृंदाला ताप आहे," एका एसटी कंडक्टरने वाचलं.

"पुढची ओळ," अप्पा म्हणाले.

"तुमचा भात गार झाला."

"पुढची."

माणूस न अडखळता वाचतोय की नाही, एवढंच त्यांचे कान ऐकायचे. धंद्याची सवय, दुसरं काय. बुधगावच्या एका मास्तरीणबाईंनी "तुमचा आवाज इथे पोचत नाही" असं वाचलं आणि त्यानंतर कुणालाच काही वाचता येईना. पहिलंच अक्षर दिसत नाही म्हटल्यावर येईल त्याला चष्मा लागायचा. धंदा जोरात चालला आणि त्यातून आणखी शाखा निघाल्या.

मग चालत का गेले नाहीत? गेले होते एकदा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून अप्पा दुपारभर चालले. पायात गोळे आले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर खुर्ची दोन पावलांवर.

"काका, मी उठू का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

तक्त्याची शेवटची, सगळ्यात बारीक ओळ मात्र कधीच कुणी वाचली नव्हती. तशी गरजही नसते. तिच्या वरच्या ओळीपर्यंत पोचला तो पास. पण सत्तरी ओलांडल्यावर ती ओळ अप्पांना छळायला लागली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. कुमुदची आठवण यायची, आणि आली की जीव नुसता तुटायचा. पन्नासावी शाखा दसऱ्याला पुण्यात उघडणार होती. पेटीतली सगळी भिंगं एकावर एक लावली, तरी नऊशे ऐंशी फुटांपलीकडचं दिसणार नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी अप्पा स्वतः खुर्चीत बसले, जन्मात पहिल्यांदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकोणपन्नास दुकानांच्या मालकाने आपले डोळे कधी तपासून घेतलेच नव्हते. वृंदा, आता पंचेचाळिशीची झालेली त्यांची लेक, एका हाताने फोन कानाला लावून पुण्याशी बोलत होती आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत होती.

"हे बरं की आधीचं?"

"हे."

एका भिंगाला सात-आठ शाखा वजा होत होत्या. आधी निळं लुगडं दिसलं. मग तक्त्याच्या दोन्ही कडांना आवळलेली बोटं.

"वाचा, अप्पा."

"गोळी घेतलीत का," अप्पांनी वाचलं. "वृंदा सारखी दमलेली दिसते."

वृंदाचा हात भिंगावरच थांबला. "पुढची ओळ," ती कशीबशी म्हणाली.

शेवटची ओळ पुसट होती, पहिल्या दिवसाच्या शाईतली.

"हात भरून आले. खाली ठेवू का?"

अडतीस वर्षं. अप्पांना हुंदका आवरेना. "ठेव! अगं, ठेव कुमुद!" ते ओरडले, पण आवाज पोचणार नव्हता. वृंदाने भिंतीशी टेकवलेलं कॅलेंडर आणलं, त्याच्या मागच्या बाजूला जाड पेनाने 'ठेव' असं लिहिलं आणि अप्पांनी ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

तक्ता वीतभर खाली आला. वर कुमुदवहिनींचा चेहरा दिसला, केस पार पांढरे झालेले. त्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले, बराच वेळ पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. हे असं मान हलवणं अप्पांनी हजारो गिऱ्हाइकांचं पाहिलं होतं. अख्ख्या मुलखाला चष्मे लावले आणि हिचेच डोळे तपासायचे राहून गेले होते.

"पुण्याला सांग, थांबा म्हणावं."

"अप्पा, दहा चाळीसचा मुहूर्त आहे. पाहुण्यांच्या हातात कात्री आहे."

"सांग म्हणतो ना! एक तासभर थांबा."

"हॅलो," वृंदा फोनमध्ये म्हणाली. "हॅलो, ऐका, जरा थांबा..."

फोनमधून टाळ्या ऐकू आल्या. फरशी करकरली. कुमुदवहिनी डोळे बारीक करून कॅलेंडरकडे बघतच मागे सरकल्या, आणि समोरच्याला नीट दिसावं म्हणून त्यांनी तक्ता आणखी थोडा उंच धरला.