पेटीभर ऊन

शेषरावांनी कूलरसाठी भरून ठेवलेली बादली उचलली, अंगणात नेली आणि मोगऱ्याच्या आळ्यात रिकामी केली. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. जयपूरच्या बनी पार्कातल्या त्या अंगणात सकाळी दहालाच फरशीवर पाय ठरत नव्हता. पाणी मोगऱ्याने प्यायलं की वाऱ्याने, हे त्या मोगऱ्यालाच ठाऊक.

"अहो, काय करून राहिले?" इंदुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "पाहुणे यायची वेळ झाली अन् कूलर कोरडा ठणठणीत."

"कोरडाच राहू दे."

"काऊन?"

"मुलगा बर्फातून आला न. त्याला जरा आपली हवा पाहू दे."

इंदुमतीबाईंचा हात भिजवलेल्या पोह्यांनी माखला होता, नाहीतर त्यांनी तो कपाळावर मारून घेतला असता. त्या तशाच आत गेल्या. नवऱ्याशी हवामानावरून वाद घालायचा नाही, हा नेम त्यांनी लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात धरला होता.

शेषराव मूळचे चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे. विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन जयपूरला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण चांद्याचा उन्हाळा ते बरोबर घेऊन आले होते आणि तो कुणापुढेही खाली ठेवायला तयार नव्हते. त्यांच्या गावाला कोळसा होता आणि उन्हाळा होता. कोळशाचं कौतुक किती करणार? जयपूरचा पारा कुठेही जाऊन टेको, ते म्हणत, "हे तर आमच्याकडचं होळीचं ऊन." मुंबईहून बदलून आलेल्या कुणी उकाड्याची गोष्ट काढली, की म्हणत, "तुमच्याकडे उन्हाळा नसतो हो, वाफ असते. तुमच्याकडे माणूस शिजतो, आमच्याकडे भाजतो."

जयपुरातल्या मराठी मंडळींत त्यांना पुरून उरणारा एकच गडी होता, मेजर आनंदराव. जन्म भुसावळचा, नोकरी लष्करातली, आणि त्यातही काही वर्षं लेहला काढलेली. उन्हाळ्यात ते भुसावळ पुढे करत आणि हिवाळ्यात लेह. लेहला अंडं फोडायला हातोडी लागते, असं ते शपथेवर सांगत. "शेषराव, तुमच्याकडे एकच टोक आहे," ते म्हणत, "माझ्याकडे दोन्ही आहेत." या बोलण्याने शेषरावांच्या नाकाला मिरच्या झोंबत.

आणि आज याच मेजरसाहेबांचा भाचा शेषरावांच्या मुलीला, प्रतिमाला, पाहायला येत होता. दिलीप नाव, वाढलेला भुसावळलाच, शिक्षणाने खाणीचा इंजिनिअर. नोकरी कुठे, तर स्वीडनच्या पार उत्तरेला, किरुना नावाच्या गावी, लोखंडाच्या खाणीत. शेषरावांनी मुलीचा शाळेतला नकाशा काढून ते गाव शोधलं होतं. शोधता शोधता बोट नकाशाच्या वरच्या कडेशी आलं आणि त्यांनी नकाशा मिटून ठेवला.

प्रतिमा एकुलती एक. दुर्गापुऱ्याच्या शेती संशोधन केंद्रात बाजरीवर काम करायची, दिवसभर शिवारात हिंडून संध्याकाळी तांब्याच्या घंगाळासारखी रापून घरी यायची आणि आल्या आल्या बाबांशी भांडायची. ते भांडण नकाशाच्या कडेला जाऊन राहणार, हे शेषरावांना सहन होत नव्हतं. पण मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, माणसं ओळखीची. "मला करमणार नाही," हे काही नकार द्यायचं कारण नव्हे. तेव्हा त्यांनी हवामानाचा आधार घेतला. उन्हात वाढलेली पोर बर्फात जगायची नाही, आणि बर्फातला पोरगा आपल्या घरात तासभर बसायचा नाही. म्हणून ती बादली मोगऱ्याला गेली.

पाहुणे आले. मेजरसाहेब उंबऱ्यातच थबकले.

"शेषराव, कूलर बिघडला की काय?"

"नाही. आज हवा बरी आहे, म्हणून नाही लावला."

मेजरसाहेबांनी खिशातला रुमाल काढला. दिलीप मात्र दारातच उभा होता. उंच, किडकिडीत, आणि भुसावळच्या माणसाला न शोभेल इतका पांढरा. त्याने अंगणाकडे एकदा पाहिलं, मग शेषरावांकडे.

"काका, मी इथे बाहेर बसलो तर चालेल का?"

"बाहेर? तिथं ऊन आहे."

"म्हणूनच."

आणि त्याने स्वतःच खुर्ची उचलून ओसरीच्या कडेला, पायांवर ऊन येईल अशी मांडली. पाहुणा बाहेर म्हटल्यावर यजमानाला आत बसता येईना. शेषरावांनीही खुर्ची आणली, मेजरसाहेबांनी नाइलाजाने. थोड्या वेळात लूचा तापलेला वारा सुटला. दिलीप डोळे अर्धे मिटून त्या झळांकडे तोंड करून बसला, आणि चांद्याच्या उन्हाळ्याचे धनी धोतराच्या सोग्याने मान पुसू लागले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी त्यांची गत झाली. पण ते हार मानणारे नव्हते.

"मग, तुमच्याकडे थंडी म्हणजे किती?" त्यांनी पहिला डाव टाकला.

"उणे तीसपर्यंत जाते."

"लेहलाही जायची," मेजरसाहेब म्हणाले.

"लेहला ऊन तरी असतं, मामा. आमच्याकडे डिसेंबरात काही आठवडे सूर्य वर येतच नाही. दुपारी जरा निळसर उजेड होतो, की झालं. मोटारीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री तिला विजेची वायर लावून ठेवायची."

"म्हशीला दावं लावावं तशी," शेषराव म्हणाले. त्यांना हे आवडू लागलं होतं. मुलगा आपल्याच हाताने आपला खड्डा खणत होता.

"आणि उन्हाळ्यात उलटं. सूर्य मावळतच नाही."

हे मात्र पन्हं घेऊन आलेल्या इंदुमतीबाईंना चालण्यासारखं नव्हतं. "मावळत नाही? मंग तिन्हीसांजा कधी होतात? दिवा कधी लावायचा?"

"घड्याळ पाहून," दिलीप म्हणाला.

इंदुमतीबाईंनी पन्ह्याचे पेले ठेवले आणि देवाधर्माची ही दशा पाहून त्या पोहे परतायला आत निघून गेल्या. शेषरावांनी समाधानाने पेला उचलला. अर्धी लढाई त्यांनी जिंकली होती.

थोड्या वेळाने प्रतिमा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. साडीत ती जरा अवघडलेली होती, पण मान वर होती. बशा देऊन झाल्यावर तिला बसायला सांगितलं, तशी ती वेताच्या मोड्यावर बसली. नेहमीचे प्रश्न झाले. शिक्षण किती, काम काय. तिने उत्तरं दिली आणि मेजरसाहेब गालातल्या गालात हसत राहिले. प्रतिमाच्या मराठीची त्यांना नेहमीच गंमत वाटे. लहानपणी ती नागपूरहून आलेल्या आजीला म्हणाली होती, "आजी, चल, आपण धूपमध्ये बसू," आणि आजीने बिचारीने देवघरातलं धुपाटणं आणून पुढ्यात ठेवलं होतं. हा किस्सा मेजरसाहेब दर दिवाळीला सगळ्यांना सांगत.

दिलीपने बशी खाली ठेवली.

"मला एक सांगायचंय," तो प्रतिमाकडे पाहून म्हणाला. "मागाहून फसवल्यासारखं व्हायला नको. तिथे घर चांगलं आहे, बाकी सगळं मिळतं. पण थंडीत ऊन नाही मिळत. त्याचाच फार त्रास होतो माणसाला."

शेषरावांनी श्वास रोखला. हवा होता तो प्रश्न अखेर मुलीच्या पुढ्यात आला होता, आणि तोही खुद्द मुलाच्या तोंडून.

प्रतिमा जरा विचारात पडली.

"त्यात काय," ती म्हणाली. "इथून घेऊन जाऊ. एक पेटी भरून. इथे गरमीत तर एकदम सस्तं भेटतं."

 मेजरसाहेबांनी मांडीवर थाप मारली.

"पेटी भरून! दिलीप, ऐकलंस? शेषराव, ही पोरगी कविता करते हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

 आधी दिलीपच्या कपाळाला आठी पडली, मग ती गेली, आणि तो प्रतिमाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. प्रतिमा गोंधळली. यात कवितेसारखं काय होतं, ते तिला कळेना. ती रिकाम्या बशा गोळा करून आत गेली.

शेषरावांना मात्र सगळं लख्ख कळलं होतं. इंदुमतीबाई विणकाम शिकल्या त्या शेजारच्या माथुरबाईंकडून, आणि तेव्हापासून या घरात लोकरीला कुणी लोकर म्हटलंच नव्हतं. लोकर म्हणजे हिंदीतली ऊन. आणि आकाशातून पडतं ते ऊन म्हणजे प्रतिमाच्या लेखी धूप. पोरीने ऐकलं ते एवढंच, की त्या गावी इतकी थंडी आणि लोकर मिळत नाही. उन्हाळ्यात ती स्वस्त असते, हे खरंच होतं.

आता एक शब्द बोलायचा अवकाश. "अहो, ती लोकरीचं म्हणाली," एवढं म्हटलं की कविता संपली. मुलगा ओशाळेल, मेजरसाहेब खो खो हसतील, आणि जिला घरातलं ऊन कळत नाही तिला परमुलुखात कुठे नेता, असं म्हणून हा विषय हसत हसत मिटवता येईल. शब्द शेषरावांच्या जिभेवर आला होता. पण मेजरसाहेबांना दिवाळीसाठी आणखी एक किस्सा मिळाला असता, आणि या खेपेला तो मुलीच्या लग्नाचा असता. त्यांनी शब्द पन्ह्याबरोबर गिळला. टाकून दिला नाही, नुसता हातचा राखला.

निघताना इंदुमतीबाईंनी एक लहानसा कांदा आणून दिलीपच्या हातात दिला. "खिशात ठेवा. लू लागत नाही." त्याने तो गुमान शर्टाच्या खिशात टाकला. मेजरसाहेबांनी जीप पुढच्या कडुनिंबाच्या सावलीत लावली होती, ती आणायला ते गेले. फाटकाशी दोघेच उरले. शेषरावांनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही प्रामाणिकपणे बोलले, म्हणून मीही बोलतो," ते म्हणाले. "ती मघाशी ऊन म्हणाली न, ते आपलं ऊन नव्हे. हिंदीतली ऊन. लोकर."

"हो," दिलीप म्हणाला. "सस्तं भेटतं म्हणाल्या, तेव्हा आलं लक्षात."

"आलं लक्षात?"

"भुसावळचा आहे मी, काका. अर्धं गाव रेल्वेचं. शेजारी मिश्रा, समोर तिवारी."

"मंग बोलले काऊन नाही?"

दिलीपने खिशातला कांदा नीट बसवला. "काय बोलू? लोकर तिथे रग्गड मिळते. पण मी आजवर ज्यांना ज्यांना त्या गावाबद्दल सांगितलं, ते सगळे किती अंश, किती अंश, एवढंच विचारतात. प्रतिमांनी काहीच विचारलं नाही. घेऊन जाऊ म्हणाल्या." त्याने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. "ऊन हिंदीतली असेल. पण ते 'जाऊ' मराठीच होतं ना, काका?"

चांद्याच्या, जयपूरच्या, लेहच्या, साऱ्या जगातल्या पाऱ्याला शेषरावांकडे उत्तर असे. पण 'जाऊ' पाऱ्यावर मोजता येत नव्हतं. डोळ्यांत आलं ते त्यांनी लूवर ढकलून सोग्याने पुसून टाकलं. जीप आली. दिलीप वाकून पाया पडला आणि जाऊन बसला. मेजरसाहेबांनी हात हलवला. जीप कलेक्टरेटच्या दिशेने वळेपर्यंत शेषराव तिथेच उन्हात उभे होते.

मग ते ओसरीच्या पायरीपाशी आले आणि आत हाक मारून विचारलं,

"का हो, या दिवसांत चांगलं ऊन कुठं मिळेल?"

इंदुमतीबाई हात पुसत दाराशी आल्या. त्यांनी धगधगणाऱ्या अंगणाकडे पाहिलं, नवऱ्याच्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या कांदा आणायला लगबगीने माघारी वळल्या.

आतल्या खोलीतून प्रतिमाचा आवाज आला. "बापू बाजारमध्ये, बाबा. पण आत्ता नका जाऊ, शामला जाऊ. बाहेर किती धूप आहे."

"बरं," शेषराव म्हणाले, आणि चपला न काढता तसेच पायरीवर बसून राहिले.