भट्टीच्या वरची खोली

मांत्रिक बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिने डोळे उघडले. अंगणात जमलेल्या शंभर-दीडशे पोरापोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला. अर्ध्या तासापूर्वी आमची कुंभारीण वरच्या खोलीत बेशुद्ध पडली होती. आता ती झाडाखाली बसून पाणी मागत होती.

"बघितलंत?" बाबा गरजले. "कोपऱ्यात बाई उभी होती, केस मोकळे सोडून! मी नुसतं 'हट्' म्हटलं, पळाली!"

"कुठे पळाली?" पुढच्या एकाने विचारलं.

"तुझ्या पाठीमागे उभी आहे."

तो मागे न बघताच धूम पळाला. कुणीही हसलं नाही. मीही नाही.

मी परिचारिकेचा अभ्यासक्रम शिकत होते. विद्यापीठाने वेगवेगळ्या विभागांतल्या आम्हा चौघांची मोट बांधून एक प्रकल्प दिला होता: गढूळ पाणी गाळणारं मातीचं भांडं. कुंभारीण शिल्पकलेची, भांडी घडवणं आणि भाजणं तिच्याकडे. लंबू अभियांत्रिकीचा. आकडेशास्त्री संख्याशास्त्राचा, जो जेवताना घासही मोजत असावा. तळमजल्यावर कोळशाची भट्टी आणि तिच्या बरोबर वर आमची कामाची खोली. तीन आठवड्यांत लंबू दोनदा चक्कर येऊन पडला, आकडेशास्त्रीला ओकाऱ्या झाल्या आणि कुंभारणीला कोपऱ्यात बाई दिसू लागली. मग वसतिगृहाच्या मावशींनी बाबांना आणलं.

"बाधा अर्धीच गेलीय," बाबा म्हणाले. "उद्या दुपारी चौघं आत बसा. दारं-खिडक्या चिंध्यांनी बुजवायच्या. मुंगी शिरेल एवढी फटसुद्धा नको. तासभर मी बाहेरून मंत्र म्हणेन."

"असलं काही करायचं नाही," मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच पटला नाही.

"मग पुढच्या वेळी हिला उठवायला तूच ये," मावशी म्हणाल्या. कुंभारणीने माझा हात घट्ट धरला. "ताई, ये ना गं आत. मला एकटीला भीती वाटते." मी गेले.

सोमवारी भांडी दाखवायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी कुंभारणीने बारा वाजताच भट्टी पेटवून ठेवली होती. आम्ही आत बसलो. बाहेरून कडी लागली. बाबांचा घुमणारा आवाज सुरू झाला.

पाऊण तासात माझी कानशिलं ठणकू लागली. हातपाय परक्याचे वाटायला लागले. मग कोपऱ्यात काहीतरी हललं. मी डोळे चोळले. तरी ती तिथेच होती, केस सोडलेली. म्हणजे खरंच होतं सगळं? कुंभारीण भिंतीला टेकून घसरली, मी हाक मारली तरी बोलेना.

"भट्टी..." आकडेशास्त्री जड जिभेने पुटपुटला. "पाच वेळा कुणाला तरी त्रास झाला. पाचही वेळा भट्टी चालू होती. बंद असताना कधीच नाही."

मला आमच्या वॉर्डातल्या सिस्टर आठवल्या. त्या म्हणायच्या, घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडली तर आधी चुलीबद्दल विचारा.

"लंबू, भट्टीचं धुराडं कुठून जातं?"

त्याने मान वळवून कपाटाकडे पाहिलं. "याच भिंतीतून. त्याच्यामागून."

"दार उघडा!" मी ओरडले. बाहेरून बाबा म्हणाले, "ऐका, ती बोलतेय! तिच्या तोंडून बाई बोलतेय! कुणीही उघडू नका!"

कुणीही उघडलं नाही. बाहेरचे सगळे मला घाबरत होते.

उभं राहायला गेले तर गुडघे दुमडले. लंबूने रांगत जाऊन एक भाजलेलं भांडं उचललं आणि खिडकीवर हाणलं. काच फुटली. हवा आत आली. मी कुंभारणीला काखेत हात घालून खिडकीशी ओढलं. काच फुटल्याच्या आवाजाने मावशींचा धीर सुटला आणि त्यांनी कडी काढली.

कुंभारीण दोन दिवस इस्पितळात प्राणवायूवर होती. थोडक्यात वाचली.

अग्निशमन दलाच्या माणसाने भट्टी पेटवून, हातात वायू ओळखणारं छोटं यंत्र घेऊन खोलीत पाऊल टाकलं मात्र, ते किंचाळू लागलं. कपाट सरकवलं. धुराड्याचा सांधा निखळला होता. "कोळशाचा विषारी वायू," तो म्हणाला. "वास नाही, रंग नाही. डोकं दुखवतो, भास दाखवतो आणि शेवटी झोपवतो, कायमचं."

"मग बाबांनी तिला बरं कसं केलं?" मावशींनी विचारलं.

"मावशी, त्यांनी तिला झाडाखाली आणलं. मोकळ्या हवेने बरं केलं. हात त्यांनी उगाच फिरवला."

"यंत्राला काय कळतं!" बाबा उसळले.

"मग तुम्ही बसा आत," लंबू म्हणाला. "भट्टी पेटलेलीच आहे. चिंध्या आम्ही कोंबतो. फक्त तासभर."

बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

मी घाबरले होते, हे मी लपवत नाही. मला ती बाई दिसली होती. घाबरणं हा गुन्हा नव्हे. पण भीतीने आमच्याकडून खिडक्या बंद करून घेतल्या आणि एका प्रश्नाने त्या उघडल्या. कुणी अंगात आलंय म्हणालं, तर आधी माणसाला हवेत आणा, डॉक्टर बोलवा आणि विचारा: हे नेमकं केव्हा होतं? कुठे होतं? तेव्हा तिथे काय चालू असतं? ज्याला हे प्रश्न विचारलेले चालत नाहीत, त्याच्या हातात दाराची कडी देऊ नका.