दहापर्यंत मोज, हिलेगोंड

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे हमखास फसतात. कुणी म्हणतं पिंजरा, कुणी म्हणतं कंदील. परवा तर एका शाळकरी मुलीनं मैत्रिणीला ठामपणे सांगितलं, "ही चीज किसायची पेटी!" मला वाईट नाही वाटलं. हसूच आलं. मी एक जुनी पायशेगडी आहे. ओकच्या लाकडाची चौकोनी पेटी, झाकणाला सोळा भोकं, आणि पोटात निखाऱ्यांसाठी मातीचं बोळकं.

हॉलंडमधल्या होर्न गावच्या सुतारानं मला घडवलं ते आल्ट्ये नावाच्या एका नवरीसाठी. ती माझ्यावर पाय ठेवी, वरून घागरा पसरी आणि तास तास सूत काती. आमच्याकडे सरपण कमी. दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून जाळायची. ती माती न भडकता, न तडतडता हळूहळू धुमसते. तशाच शांत विस्तवावर मी वाढले. त्यामुळे मलाही वाटायचं, की विस्तव म्हणजे गरीब गाय.

पुढे आल्ट्येची मुलगी हिलेगोंड नवऱ्याबरोबर समुद्रापार अमेरिकेला निघाली. धक्क्यावर आल्ट्येनं मला लेकीच्या हातात दिलं. "माझे पाय आता चुलीजवळच असतात," ती म्हणाली. "तुला लागेल ही." तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण तिनं नुसतीच लेकीच्या टोपीची नाडी पुन्हा बांधली.

जहाजावर विस्तवाला बंदी होती. मी थंड पोटानं पेटाऱ्यात पडून राहिले. तिथंच, भर समुद्रात, हिलेगोंडला मुलगी झाली आणि चौथ्या दिवशी गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून तिला नाव नव्हतं. तिला पाण्यात सोडताना काय म्हणून हाक मारावी, हे तिच्या आईला कळेना. 

अमेरिकेत, 'उत्तर नदी' म्हणत त्या नदीच्या काठी त्यांना जमीन मिळाली. घर बांधायला सवड नव्हती, म्हणून तिचा नवरा तेऊनिस यानं जमिनीत खड्डा खणला, आतून फळ्या ठोकल्या, वर झाडाच्या साली घातल्या. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच खड्ड्यात आणखी एक मुलगी जन्मली. मुठीएवढी होती. मला पाळण्याशेजारी ठेवलं गेलं. त्या दिवसांत हिलेगोंडचे डोळे सतत पोरीच्या छातीवर असत, श्वास वर-खाली होतोय ना, बघत. घास तोंडात तसाच राही.

होर्नहून आणलेली जळणाची माती संपली तेव्हा तेऊनिसनं माझ्यात चेस्टनटच्या लाकडाचे निखारे घातले. लाकूड तर लाकूड, त्याला काय ठाऊक? पण हे लाकूड तडतडणारं. भर दुपारी माझ्या पोटात फट्‌ असा आवाज झाला, भोकातून ठिणगी उडाली, दुपट्यावर पडली, आणि पोरीच्या टाचेवर वाटाण्याएवढा फोड आला.

माझ्याच भोकातून, मित्रांनो. आजही ते आठवलं की माझं लाकूड आकसतं.

पोरीचं रडणं ऐकून शेजारची सुईण, ट्राइनमावशी, धावत आली. तिनं फोडाला लोणी लावलं, माझ्यात डोकावून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"तेऊनिस, शेगडी भरलीस की तोफ?"

"लाकूड होतं, मावशी. चांगलं वाळलेलं."

"हो ना! डोकंही तसंच वाळलंय तुझं."

हिलेगोंड हसली नाही. तिनं मला उचलून वरच्या फळीवर ठेवलं. पुढचे तीन आठवडे माझ्या पोटात कांदे होते.

मग निरोप आला. पुढच्या रविवारी नदीकाठच्या बेव्हरवाइक गावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मे होणार होते. त्यानंतर वसंतापर्यंत पाद्री येणार नव्हते. जायचं म्हणजे गोठलेल्या नदीवरून घसरगाडीत अर्धा दिवस. तेऊनिस म्हणाला, "थांबूया. बर्फ वितळू दे. एवढ्या थंडीत हिला बाहेर काढायचं?"

"आणि तोवर काही झालं तर?" हिलेगोंड म्हणाली. "पुन्हा बिननावाची?"



न्यावं तर गारठा, न न्यावं तर ती भीती. शनिवारी सकाळी ती ट्राइनमावशीसमोर रडलीच. मावशीनं फळीवरून मला खाली घेतलं, कांदे काढले.

"हिला ने बरोबर."

"तिनं माझ्या पोरीला भाजलंय!"

"अगं, तिनं नाही. तुम्ही भाजलंत. इथलं लाकूड म्हणजे तुमच्या गावची माती नव्हे. ओक घे. ज्वाळ संपेपर्यंत जळू दे. मग निखारा घे, वर बोटभर राख. झाकण लाव आणि त्यावर तळहात ठेव. दहापर्यंत मोज. तुझा हात टिकला, तर पोरीची टाच टिकेल."

"आणि नाही टिकला तर?"

"तर आणखी राख. काळजी करतेस ना, मग ती हातानं कर. नुसते डोळे वटारून काय होतंय?"

हिलेगोंडनं माझ्यावर हात ठेवला. सातला तिनं तो काढून घेतला. आणखी राख घातली. पुन्हा मोजलं. आठ, नऊ, दहा.

रविवारी उजाडताच आम्ही निघालो. वारा असा, की घोड्याच्या आयाळीला बर्फाचे मणी लागले. मी हिलेगोंडच्या घागऱ्याखाली, पोरगी तिच्या मांडीवर, मावशी पाठीला पाठ लावून. दर थोड्या वेळानं तो तळवा खाली येई आणि मोजणी सुरू होई. एक कण उडू द्यायचा नाही आणि एक कण विझू द्यायचा नाही, एवढंच मी धरून बसले होते. मध्येच तेऊनिसनं वळून विचारलं, "अजून आहे का ऊब?" "आहे," ती म्हणाली. त्या एका शब्दानं माझे कांद्याचे तीन आठवडे फिटले.

पाद्रींनी नाव विचारलं. हिलेगोंडनं आपल्या आईचं नाव सांगितलं. आल्ट्ये! कपाळावर गार पाणी पडताच पोरगी अशी किंचाळली, की मागच्या बाकावरची माणसं हसली. हिलेगोंड मात्र रडली, कारण आता हाक मारायला नाव होतं.

ती आल्ट्ये ऐंशी वर्षं जगली. टाचेवरचा पांढरा डाग नातवंडांना दाखवून म्हणायची, "ही माझी पहिली सही." तिच्या लेकीसुनांनी मला वापरलं. नंतर लोखंडी शेगड्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. झाकणाला भेग पडली, बोळकं फुटलं. आता एका जुन्या घराच्या संग्रहात, उघड्या फळीवर असते.

गेल्या आठवड्यात एक तरुण आई आली होती. छातीशी बांधलेल्या बाळाची टोपी ती दर मिनिटाला चाचपत होती. जाता जाता तिनं सहज माझ्या झाकणावर तळहात टेकवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू काचेत कोंडू नका. कधी हात लावून बघा. आणि जी ऊब दुसऱ्याला द्याल, ती आधी स्वतःच्या हातावर घेऊन पाहा.

माझ्यात विस्तव नव्हता. तरी मी मोजू लागले. एक, दोन, तीन... दहापर्यंत तिचा हात तिथंच होता.