साठ गोण्यांचा माचा

नागनाथ निंबावरून पडला त्याला चार महिने झाले होते. शेळ्यांसाठी पाला तोडायला चढला आणि फांदीसकट खाली आला. नामांतराच्या मोर्चात मानवतहून परभणीपर्यंत पायी गेलेला गडी, आता त्याला खाटेवरून पाय खाली टेकवता येईना. डॉक्टर म्हणाले, पायांत जीव आहे, पण जमिनीवर त्याला ते उचलता येणार नाहीत. कोमट पाण्यात छातीपर्यंत बसवा आणि रोज तासभर पाय हलवायला लावा.

एवढं पाणी मावणार कशात? किशनराव पाटलांच्या गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची जुनी काहील गंजत पडली होती. त्यांच्या रानात कापूस वेचणाऱ्या कुसुमबाईनं, नागनाथच्या बायकोनं, ती तोंड उघडून मागितली. मिळालीही. आता अडचण जोत्याची. ओढ्याचं पाणी शिरू नये म्हणून घर अडीच हात उंचावर बांधलेलं. रोज त्याला पायऱ्यांवरून उतरवायचं म्हणजे चार माणसांचं काम. म्हणून बन्सीधर सुतारानं उंबऱ्याला लागून, उंबऱ्याच्याच उंचीचा लाकडी माचा बांधला. चार बाभळीचे खांब, वर जाड फळ्या. त्यांवर काहील ठेवायची. खाटेवरून सरकवायचं ते थेट काहिलीत.

"कुसुम, मला पुन्हा उंचावर न्हाई जायचं," नागनाथ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो भ्यालेला तिला दिसला.

"तुमी परत पडणार न्हाई," ती म्हणाली. बोलली ते बोलली.

बन्सीधरनं माच्याची परीक्षा थाटात घेतली. पाटलांच्या कापसाची वीस बोचकी त्यानं माच्यावर रचली. ढीग वळचणीला टेकला. त्यावर चढून तो ओरडला, "बगा वैनी, हत्ती नाचवा आता!"

जमलेली मंडळी खूश. गावाला ढीग दिसला की पुरे असतं.

"भाऊ, तसलं बोचकं डोईवर घेऊन मी रानातून पळत येते," कुसुमबाई म्हणाली. "तुमी पाण्याची घागर घेऊन पळून दाखवा."

"लय शंका काढायलाव तुमी!"

"पडायचं कुनाला हाय, तुमाला का त्यांना?"

बन्सीधर ढिगावरून खाली उतरला. काहिलीत घागरी किती बसतात हे तिनं आधीच मोजलं होतं: बावन्न. आता त्याच निंबाच्या फांदीला तिनं कावड मधोमध टांगली. एका टोकाला भरलेली घागर, दुसऱ्या टोकाला खताची रिकामी गोणी. कावड सरळ होईपर्यंत गोणीत मुरूम टाकायचा, मग तोंड बांधायचं. वस्तीतल्या बाया मदतीला आल्या. शेजारच्या सरजाबाईनं तर घरातल्या सगळ्या गोण्या रिकाम्या करून आणल्या. बावन्न पाण्याच्या झाल्या. नागनाथ घागरीच्या हिशेबानं चार भरला, त्या चार. त्यावर कुसुमबाईनं आणखी चार भरल्या.

"ह्या कुनाच्या?" बन्सीधरनं विचारलं.

"टाका तुमी."

माच्याच्या बाजूला बैलगाडी उभी करून त्यावरून गोण्या काहिलीत ठेवायला लागले. तिसापर्यंत काही झालं नाही. चौतिसावी ठेवली आणि मोरीकडचा खांब वीतभर खाली गेला. माचा कलला, फळ्या करकरल्या. पुढच्या क्षणी काहील गोण्यांसकट घसरून अंगणात आदळली. कुणाला लागलं नाही. पण उघड्या दारातून नागनाथनं सगळं पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ दे कुसुम. खाटंवर बरा हाय मी."

तिला रडू आलं. तिनं डोळे पदरानं पुसले आणि खचलेल्या खांबाशी कुदळ मारली.

काळी माती कोरडी असते तेव्हा दगड, आणि ओली झाली की लोणी. मोरीचं पाणी नेमकं त्या खांबाशी मुरत होतं, आणि बन्सीधरनं खड्डा घेतला होता हातभरच. ते बघून तो मनातून वरमला. त्यानं चारही खड्डे मुरूम लागेपर्यंत खणले, तळाला फरशी बसवली, मधे दोन खांब वाढवले, खांबांना तिरके टेकू ठोकले. कुसुमबाईनं मोरीचा पाट दुसरीकडे वळवला.

पुन्हा साठ गोण्या. या वेळी फळीवर तिनं काठोकाठ भरलेली परात ठेवली. माचा जरा जरी कलला तर पाणी सांडणार. एक दिवस आणि एक रात्र गोण्या तशाच राहिल्या. सकाळी परातीखालची फळी कोरडी होती.

गोण्या निघाल्या, निर्गुडीचा पाला घातलेलं कोमट पाणी आलं. आडोशाला चादर बांधली. बन्सीधर आणि सरजाबाईनं नागनाथला उंबऱ्यापर्यंत सरकवलं. तिथं त्यानं चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. काही केल्या सोडेना.

कुसुमबाईनं पदर खोचला आणि लुगड्यासकट आधी ती काहिलीत उतरली. बसली, आणि दोन्ही हात त्याच्याकडे पसरले.

"या."

"अगं, दोघांचं वजन?"

"वरच्या चार गोण्या माझ्याच व्हत्या," ती म्हणाली.

नागनाथनं चौकट सोडली.