मी, उलकान आपांच्या काखेतला कण

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारे सहसा म्हातारे असतात. मी तीन आठवड्यांचा आहे आणि माझं काम आज संपलं. मी लोखंडाचा एक कण. केसाच्या जाडीत माझ्यासारखे हजारभर सहज मावतील.

बिश्केक शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी जन्मलो. तिथे माझ्या अंगावर साखरेच्या जातीचा लेप चढला आणि त्यावर प्रतिपिंडं रोवली गेली. ती कर्करोगाच्या पेशीला घट्ट धरतात. बाकीच्यांना ओळखही दाखवत नाहीत. आम्ही जिथे जमतो तिथे एमआरआयच्या चित्रात काळा ठिपका उमटतो. आमचं कर्तृत्व एवढंच.

काल मला उलकान आपांच्या शिरेत सोडलं. आपा डोंगराळ नारिनच्या, लोकरीचे नमदे, म्हणजे जाड गालिचे, शिवता शिवता साठीला आलेल्या. स्तनातली गाठ काढून झाली होती. आता रोग काखेतल्या ग्रंथींत शिरला आहे का, ते पाहायचं होतं. नुसत्या संशयावर सगळ्या ग्रंथी काढल्या, तर हात सुजून नमदे शिवणं कायमचं सुटण्याची भीती. काढल्या नाहीत आणि रोग आत असला, तर आपाच जायच्या. शिवाय उद्यापर्यंत यकृत आम्हाला गोळा करणार, म्हणून चित्र आजच काढायला हवं होतं.

"आपा, लोखंडाचं सगळं काढलंत ना?" एमआरआयच्या त्या भल्यामोठ्या चुंबकात शिरण्याआधी सून नुरझातने विचारलं.

"काढलं गं. आता दात तेवढे राहिलेत."

चित्र आलं. काखेपासून बरगडीपर्यंत नुसता काळा खड्डा. मित्रांनो, एवढं काम आम्ही केलेलं नव्हतं.

"हा सगळा रोग असता तर आपा चालत आल्या नसत्या," डॉक्टर चोलपोन म्हणाल्या. "आपा, काखेत काय आहे?"

आपांचा हात काखेकडे गेला. "पिन आहे. नजरेसाठी. कुणाला सांगितली की तिचा गुण जातो." यंत्र ती पिन ओढत होतं, तरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"अहो, इथे कोण नजर लावणार? सगळ्यांचे डोळे त्या पडद्यावर."

"आणि पडद्यावर कोण आहे? मीच ना?"

डॉक्टर हसल्या. नुरझात हसली नाही. "गाठही अशीच वर्षभर लपवलीत, आपा," ती हळूच म्हणाली.

आपांनी बंडीच्या आतली पिन काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या चित्रात खड्डा नव्हता. एका ग्रंथीत तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका होता: मी आणि माझे असंख्य भाऊ.

"एकच आहे. तेवढीच काढू," डॉक्टर म्हणाल्या. "हात कामाचा राहील."

आम्ही सापडलो म्हणजे रोग सापडला; याचा आनंद कसा मानायचा, ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. नुरझातचे डोळे भरले.

"रडतेस काय," आपा म्हणाल्या, "सापडला ना मेला."

आता त्या ग्रंथीबरोबर मीही बाहेर जाईन. माझे जे भाऊ कुठेच चिकटले नाहीत, त्यांना यकृत फोडेल आणि त्यांच्या लोखंडाचं आपांच्या अंगात रक्त होईल. त्यांचा मला थोडा हेवा वाटतो.

मला जपून ठेवा, असं माझं मागणं नाही. अंगावर कुठे काही वेगळं हाताला लागलं, तर घरात कुणाला तरी सांगा. मी फार लहान आहे, मित्रांनो. बोलावल्याशिवाय मला येता येत नाही.