रंध्याखालची अकरा वर्षे

मी एक जुना झोपाळा आहे. मित्रांनो, म्हातारपणी सगळेच वाळतात. मी भर तारुण्यात वाळलो, आणि तेही हिशेबामुळे.

माझा जन्म १९५१ साली तंजावुरात झाला. माझी फळी अस्सल सागाची, चार बोटे जाड होती. भीमसेनरावांच्या दुकानात मला पितळी साखळ्यांवर टांगले. त्यांचा धंदा घरे आतून सजवून देण्याचा. गावाला तो कळायला वेळ लागला. भिंती आहेत, छप्पर आहे, मग आत आणखी काय करायचे, असे लोक विचारत. भीमसेनराव उत्तर देत नसत. कागद घेऊन त्या माणसाची खोलीच काढून दाखवत: खुर्ची इथे, पडदा असा, खिडकीपाशी फिका हिरवा रंग. चित्र पाहून माणूस आगाऊ रक्कम देई. तिरुवैयारूच्या एका गायनशिक्षकांची खोली त्यांनी अशी मांडून दिली की नऊ शिष्य, चार तंबोरे आणि एक झोपलेली आत्या, सगळे एका वेळी मावले. दुकानात आलेला प्रत्येक जण आधी माझ्यावर बसे आणि मग मला थोपटे. ते माझे कौतुकाचे दिवस.

पुढच्या वर्षी कामे वाढली आणि हिशेब आला. पहिली वही वाळवीने खाल्ली. सागाला वाळवी लागत नाही, म्हणून भीमसेनरावांनी खिळा घेतला, माझ्याखाली जमिनीवर उताणे पडले आणि माझ्या पोटावर कोरले: वकील, दोन खुर्च्या, बाकी अठरा रुपये.

सरस्वतीपूजेला सगळे दुकानदार वह्या देवापुढे ठेवतात. भीमसेनरावांनी मला साखळ्यांवरून उतरवून देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन जुने वर्ष खरवडून टाकले. नवे वर्ष, कोरी फळी. पाव बोट मी गेलो.

त्यांच्या पत्नी भुवनेश्वरीबाई म्हणत, हिशेबनीस ठेवा. तंजावुरात त्याला कणक्कपिळ्ळै म्हणतात. भीमसेनरावांचे उत्तर ठरलेले होते: फळीवर जागा उरली नाही की ठेवू. आणि जागा संपली की ते रंधा काढत. अशा रीतीने हिशेबनीस ठेवण्याचा दिवस अकरा वेळा आला आणि अकरा वेळा रंधला गेला.

एकदा ते म्हणाले, "मोठ्या देवळाच्या भिंती बघ. राजाने दिवे दिले, तूप दिलं, सगळं दगडावर कोरलंय. साडेनऊशे वर्षं टिकलं की नाही?"

"टिकलं की," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. "पण कोरायला राजा स्वतः छिन्नी घेऊन बसला होता का?"

भीमसेनराव यावर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवा खिळा आणला.

१९६३ साल उजाडले तेव्हा मी सव्वा बोट उरलो होतो. जरा भारी माणूस बसला की मधोमध वाकत असे. मी मोडलो तर वरचा माणूस खालच्यावर पडणार, आणि खाली नेहमी मालकच असत. कारण आता ते दिवसाचे चार-चार तास माझ्याखाली पडून कोरत, वाचत, पुन्हा कोरत. गिऱ्हाइकांना त्यांचे फक्त पाय दिसत. एका डॉक्टरांनी त्या पायांना पडद्याचा रंग विचारला. पाय म्हणाले, थांबा, बेरीज चालू आहे. डॉक्टर अर्धा तास थांबले, पायांना नमस्कार केला आणि कुंभकोणमहून पडदे आणले.

मी मनाशी पक्के ठरवले होते, मोडायचे नाही. पण लाकडाच्या ठरवण्यालाही जाडी लागते, मित्रांनो.

त्या वर्षीच्या सरस्वतीपूजेच्या आदल्या सकाळी भुवनेश्वरीबाई विळी, वांगी आणि कॉफीचा पेला घेऊन आल्या आणि माझ्यावर बसल्या. विळीचे पाते माझ्या अंगाला लागले नाही, एवढेच माझे नशीब. भीमसेनराव मला उतरवायला आले. त्यांनी उठायला सांगितले. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पुन्हा सांगितले. बाईंनी वांगी चिरली. तीन दिवस हेच चालले. त्यांचे जेवण, शेजारणींशी बोलणे, कोळ्याला मासे नको म्हणणे, सगळे माझ्यावरून झाले. स्नानाला जाताना त्या रंधा बरोबर नेत. त्या वर्षी देवापुढे हिशेब म्हणून काहीच गेले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "या वर्षी किती घरांची चित्रं काढलीत?"

"बघून सांगतो," भीमसेनराव म्हणाले आणि सवयीने माझ्याखाली शिरले. भुवनेश्वरीबाई वर होत्या, आणि त्या काही बारीक नव्हत्या. दोघांच्या मधे सव्वा बोट सागवान होते. आयुष्यात तेवढा ताठ मी कधीच राहिलो नाही.

बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "तीन."

"आणि पहिल्या वर्षी?"

"ते रंधून टाकलं."

"मी सांगते. एकोणीस. मला एकेक खोली आठवते. त्या गायनशिक्षकांची आत्यासुद्धा."

खाली खिळा जमिनीवर ठेवला गेला. मग भीमसेनराव म्हणाले, "पगार किती द्यावा लागेल?"

"साठ."

"सोमवारपासून बोलाव."

सोमवारी पापनाशमहून राजम आली. वडिलांच्या भातगिरणीचे हिशेब तिने सहा वर्षे ठेवले होते. गिरणी विकली गेल्यावर ती काम शोधत होती. तिने वाकून माझे पोट पाहिले, मग मला उतरवून जमिनीवर उलटे ठेवले आणि शेजारी खुर्चीवर बसून वाचू लागली. दर वर्षी रंधण्यासाठी मला उतरवत, पण वाचण्यासाठी उतरवावे हे कोणालाच सुचले नव्हते. भीमसेनराव ते उभ्याउभ्या पाहत होते. मग ते टेबलाशी गेले आणि त्यांनी कागद पसरला.

पाच दिवसांनी सगळे वहीत उतरले. भीमसेनराव आनंदाने रंधा घेऊन आले. म्हणाले, आता शेवटचे एकदा स्वच्छ करू. राजमने माझ्यावर हात ठेवला.

"नको, रायर," ती म्हणाली. तिकडे रावांना रायर म्हणतात. "जुना हिशेब सात वर्षं जपायचा असतो."

मालकांनी रंधा खाली ठेवला. मी सव्वा बोटच राहिलो. त्यानंतरच्या वर्षात त्यांनी बावीस खोल्या काढल्या. वाळवी वहीकडे आली तेव्हा राजमने वही कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली. तेवढेच करायचे होते.

आता मी घरात आहे आणि माझ्यावर मुले बसतात. मित्रांनो, माझी एक विनंती आहे. काही लक्षात ठेवायचे असेल तर वहीत लिहा, आणि ते जमत नसेल तर ज्याला जमते त्याला वेळेवर बोलवा. आणि माझ्यावर एका वेळी एकानेच बसावे. दुसऱ्याने झोका द्यावा.