सोलांजनं भरलेली परडी

दुपारी तीनला आर्मांला पहिली ओकारी झाली. साडेतीनला त्याला खाटेवरून उठवेना, तेव्हा मात्र त्याची बायको सोलांज घाबरली. त्याच्या भिजलेल्या पाठीवरून हात फिरवताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. परडीतली निम्मी अळंबी त्यानं तोडलेली नव्हती. तिनं तोडली होती.

त्या काळी फ्रान्सच्या पूर्वेकडच्या व्होजच्या डोंगरातली माणसं दक्षिणेत उठसूट जात नसत. लाकडाच्या गिरणीतला मुकादम आर्मां लग्नाच्या तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बायकोला घेऊन नीम शहराच्या वरच्या टेकड्यांत आला होता, आणि आल्यापासून कुरकुरत होता. इथं लोणी नाही, सगळं तेलात. झाडं खुजी. जंगल म्हणावं तर सावलीचा पत्ता नाही. त्यातल्या त्यात अळंबी तरी मिळेल म्हणून दोघं सकाळीच बाहेर पडले. आपल्या डोंगरात तासाभरात परडी भरणारा माणूस, अकरापर्यंत त्याला ओंजळभर झिरोल, ती पिवळी खायची अळंबी, मिळाली. चेहरा एवढासा झाला. पेलाभर वाइन घेऊन तो ओकच्या झाडाखाली आडवा झाला आणि घोरायलाही लागला.

तेवढ्यात सोलांजला पलीकडच्या पडीक बागेत, ऑलिव्हच्या जुन्या खुंटाला धरून उगवलेला केशरी झुबका दिसला. रंग जवळजवळ तोच, आकारही तोच, छोट्या नरसाळ्यासारखा. तिनं तो भराभर खुडला, त्याच्या झिरोलांखाली सारला आणि वर नेचाची पानं झाकली. उठल्यावर आर्मांनं परडी उचलली, वजन जोखलं आणि म्हणाला, "बघ! मला वाटलं त्यापेक्षा बरीच निघाली की!"

तिनं परडीवरची पानं सारखी केली. त्याचं हसू बघून तिला बरं वाटलं होतं.

दोघं उतरले होते त्या खानावळीची मालकीण मादाम रूविएर दारातच म्हणाली होती, "आधी औषधांच्या दुकानात दाखवून आणा, विषारी कुठली ते तो सांगतो. आमच्याकडं सगळेच दाखवतात, लाज कसली त्यात?"

"मादाम, मी चालायला लागल्यापासून अळंबी तोडतोय. तो पुड्या बांधणारा मला काय शिकवणार?"

"इथली माती तुमची नाही, मस्यू व्होजकर."

"अळंबीला काय पासपोर्ट लागतो?" म्हणत तो मोठ्यानं हसला होता.

सोलांजनं ती निवडली, चिरली, परतली आणि सगळी त्याच्याच ताटात वाढली. स्वतः नुसतं आम्लेट खाल्लं.

आता पाच वाजले होते. डॉक्टर तेसिए शेजारच्या गावाहून आपली जुनी मोटार घेऊन आले, बाह्या सरसावून त्यांनी आर्मांचं पोट चाचपलं. जांघेवरच्या जुन्या व्रणाशी त्यांचा हात थांबला.

"हे कसलं?"

"हर्निया," आर्मां दातांवर दात दाबून म्हणाला. "ओंडका उचलताना... झाली बारा वर्षं."

"जेवणात काय होतं?"

"आम्लेट. झिरोल."

डॉक्टरांनी मान वर केली. "झिरोल? तोडली कुणी?"

"मी. माझ्या या हातांनी. एकेक. डॉक्टर, अळंबीचं नाव काढू नका. व्होजमध्ये लहान पोरंसुद्धा झिरोल ओळखतात."

"तेही खरंच," डॉक्टर म्हणाले. व्होजच्या माणसाच्या तोंडून आलेलं हे बोलणं त्यांना पटलं. त्यांनी सोलांजला दाराबाहेर घेतलं. "जुन्या टाक्यांपाशी आतडं अडकलं असावं. थांबण्यात अर्थ नाही. नीमला फोन करून गाडी मागवतो. आज पोट उघडावं लागेल."

"उघडावं म्हणजे... कापणार?"

"दुसरा इलाज नाही."

गावातला एकुलता एक फोन खाली, खानावळीच्या गल्ल्यामागं होता. डॉक्टर जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या, चार पायऱ्या. सोलांज कठड्याशी आली. आत्ता बोललं तर लग्नाच्या तिसाव्या वर्षी नवऱ्याला आपण काय खाऊ घातलं हे सगळ्यांना कळणार, आणि आर्मांला कळणार की त्याची परडी भरलीच नव्हती. नाही बोललं तर?

"डॉक्टर! त्यानं नाही तोडली. सगळी नाही. निम्मी माझी होती."

दार सताड उघडं होतं. आतलं कण्हणं एकदम थांबलं.

डॉक्टर तिथूनच वळले. "कुठून तोडली?"

"ऑलिव्हच्या खुंटावरून. झुबक्यानं होती."

"लाकडावर? बाई, झिरोल कधी लाकडावर उगवते? देठं कुठं टाकलीत?"

"खाली, सशांच्या खाण्याच्या बादलीत."

ती धावतच खाली गेली. मादाम रूविएर बादली उचलून परसात निघालीच होती. सोलांजनं ती तिच्या हातातून हिसकावली आणि तिला पाणी तापवायला पाठवलं. डॉक्टरांनी खिडकीपाशी उकिडवं बसून सालपटं उपसली, एक तुकडा उजेडात धरला. "हे तुमच्या नवऱ्याचं. बघा, खालच्या रेषा जाड, बोथट. आणि हे तुमचं. वहीच्या पानांसारखी पातळ पाती. ही ऑलिव्हवरची. तुमच्या डोंगरात उगवतच नाही, तुम्ही ओळखणार कशी?"

"माणूस मरतो याच्यानं?" तिनं विचारलं.

"जेवण किती वाजता?"

"एकला."

"आणि त्रास तीनला. मारणारी जात सहा-आठ तास, कधी रात्रभरसुद्धा गप्प बसते, मग उठते. ही लगेच बोलते, चांगलीच बोलते, पण जीव घेत नाही. उद्या दुपारपर्यंत हाल होतील. घोट घोट पाणी पाजा. मी सकाळी येतो. गाडी नको."

सोलांज जिना चढून वर गेली.

ती आत आली. आर्मां भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिनं घमेलं सरकवलं, कपाळ पुसलं. 

"माझी किती होती?" त्यानं भिंतीलाच विचारलं.

"ओंजळभर."

"ओंजळभर," तो पुटपुटला. पुन्हा कळ आली. त्याचं डोकं तिच्या मांडीवर कलंडलं आणि तिथंच राहिलं.

मादाम रूविएर गरम पाण्याचं भांडं घेऊन आली. "काय मस्यू व्होजकर? ऑलिव्हची अळंबी म्हणे! तोडली कुणी एवढी अक्कल पाजळून?"

सोलांजनं तोंड उघडलं. आर्मांनं तिचं मनगट घट्ट दाबलं.

"मी," तो म्हणाला. "मीच तोडली, मादाम. चुकलं माझं. पाणी ठेवा आणि जा."

दार लागलं. मनगट त्यानं सोडलं नव्हतं. हात दुखत होता, पण सोलांजनं तो सोडवून घेतला नाही.